मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

याकोबकाका, तिसगावच्या स्टँडसमोर तुमचा फ्लेक्स लागला आहे. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी लागला. चेहरा तुमचाच आहे, पेन्शनच्या कागदावरचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा. मानेखालचा माणूस मात्र दुसरा कोणीतरी आहे. त्याची छाती तुमच्यापेक्षा रुंद आहे, छातीवर तुम्हाला कधीच न मिळालेली पदकं आहेत आणि हातात रायफल आहे.

मी फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेले. म्हटलं, यांच्या हातात कॅमेरा असायचा. ते फौजेत फोटोग्राफर होते.

"ठाऊक हाय ना, ताई," तो म्हणाला. "पन कॅमेरा लावला तर येनारा-जानारा म्हनंल लग्नाचा फोटोग्राफर वारला. फौजी म्हनल्यावर बंदूक नको का?"

तुम्ही असतात तर हसला असतात आणि मग संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलला नसतात. फोटोला हात लावलेला तुम्हाला चालत नसे. हे वाक्य मी सरळ लिहिलं खरं, पण ते पूर्ण खरं नाही, आणि ते का नाही हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. आता मला एकटीलाच माहीत आहे. म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं ते आण्णा गेले त्या दिवशी. आण्णा विहिरी खोदायचे. करंजीच्या बाजूला एका विहिरीची दरड कोसळली आणि ते खाली सापडले. मी पाचवीत होते. त्यांना घरी आणलं, अंघोळ घातली, आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की घरात त्यांचा एकही फोटो नाही. मतदानाच्या कार्डावर होता, पण त्यात नाक कुठं आणि मिशी कुठं ते कळत नव्हतं. चुलते म्हणाले, फौजीला बोलवा. फौजेतून रिटायर होऊन तुम्ही तिसगावात फोटोचं दुकान टाकलं होतं.

आपल्या भागात तेव्हा असंच चालायचं. माणूस जिवंत असताना त्याचा फोटो काढायला कोणाला सवड नसायची, आणि गेल्यावर भिंतीला हार घालायला फोटो लागायचा. मग स्टुडिओवाला यायचा, मेलेल्या माणसाचा फोटो काढायचा आणि दुकानात बसून त्याचे डोळे उघडायचा. ब्रशनं बुबुळं काढायची, नाहीतर दुसऱ्या कोणाचे डोळे कापून बसवायचे. वर सदरा आणि फेटा चढवायचा. आजही आमच्या गावात निम्म्या घरांत असे फोटो आहेत आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही.

तुम्ही आलात. उंच, पांढरा शर्ट, गळ्यात कॅमेरा. बायका रडत होत्या, तुम्ही त्यांना बाजूला व्हा म्हणाला नाहीत. वाट बघत उभे राहिलात. मग आण्णांजवळ गुडघ्यावर बसलात, खिशातून रुमाल काढलात आणि त्यांच्या पापणीच्या कडेला राहिलेला चिखल पुसलात. अंघोळ घालूनही तो तिथं राहिला होता. आमच्यापैकी कोणाला दिसला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा आलात. मला दाराजवळच्या उजेडात स्टुलावर बसवलंत. म्हणालात, "माझ्याकडं बघ. रडायचं असंल तर रडून घे, मी थांबतो. पन मग नुसतं बघ." मला वाटलं, शाळेच्या फॉर्मसाठी असेल. तुम्ही किती वेळ थांबलात आठवत नाही. बराच वेळ थांबलात.

तेराव्याला आण्णांचा फोटो भिंतीवर लागला. डोळे उघडे, सरळ समोर बघणारे. आई तेव्हा शुद्धीवर नसल्यासारखीच होती. चुलत्यांनी तिला सांगितलं की मतदान कार्डावरून मोठा करून घेतला. तिनं ते खरं मानलं.

त्यानंतर मला जेव्हा जेव्हा फोटो लागला तेव्हा मी तुमच्याकडे आले. दहावीचा फॉर्म, बारावीचा, शिष्यवृत्तीचा, नगरच्या कॉलेजचा. आमच्या घरात फॉर्म वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही फोटो काढायच्या आधी फॉर्म मागून घ्यायचात, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचात आणि मी काय चुकीचं भरलंय ते दाखवायचात. कॉलेजच्या प्रवेशाला तुम्ही मला स्कूटरवर नगरला नेलंत. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, वडील का? तुम्ही म्हणालात, "न्हाई. फोटोग्राफर हाय." तो कारकून वर बघतच राहिला. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, आज काष्टीच्या शाळेत मराठी शिकवते, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक कागदाला चिकटलेला माझा चेहरा तुम्ही काढलेला आहे. याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आपल्याकडे मानत नाहीत.

लिहायलाही तुम्हीच शिकवलंत. तुम्हाला ते कधी कळलं नसेल. फौजेत प्रत्येक फोटोच्या मागे ओळ लिहावी लागायची, ती कशी लिहायची हे तुम्ही मला एकदा गिऱ्हाईक नसताना सांगितलं होतं. कोण, कुठं, कधी, काय झालं. 'शूर' लिहायचं नाही. 'दुर्दैवी' लिहायचं नाही. "ते बघनारा ठरवंल," तुम्ही म्हणालात. "आपुन फकस्त तिथं हुतो." आणि फोटो मेलेल्या माणसाचा असेल तर शेवटी आणखी एक ओळ यायची: ओळख कोणी पटवली. ती ओळ भरल्याशिवाय फोटो पुढे जायचा नाही.

मी पोरांना निबंध शिकवताना हेच सांगते. ती कंटाळतात.

तुमच्या कामाबद्दल तुम्ही फार बोलत नसायचात. गावातली माणसं छेडायची. पारावर कोणीतरी म्हणायचं, "फौजी, बाकीचे गोळ्या मारत हुते आन् तुमी काय, स्माईल प्लीज?" तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात. मी कॉलेजात असताना मात्र एकदा विचारलं आणि तुम्ही सांगितलंत.

वर, सीमेवरच्या बर्फात फिल्म कडक व्हायची, रीळ फिरवताना काचेसारखी तुटायची. म्हणून कॅमेरा कोटाच्या आत, छातीला लावून न्यायचा. तुम्ही तुकडीबरोबर चालायचात, रायफल पाठीला आणि कॅमेरा आत. चौकी जिंकली की चौकीचा फोटो, सापडलेल्या हत्यारांचा फोटो, आणि शेवटी आपल्या मेलेल्यांचे. प्रत्येकाचा एक. डोक्यामागे एक जवान पाटी धरून उभा राहायचा, पाटीवर नंबर आणि नाव. सरळ, समोरून, आहे तसा. चौकशीसाठी लागायचे ते फोटो, घरच्यांना कधी दाखवत नसत.

अकोले तालुक्यातल्या किसनची गोष्ट तुम्ही तेव्हाच सांगितलीत. तुकडीत मराठी बोलणारे तुम्ही दोघंच. सकाळी तो डब्यातल्या पाण्यात बघून दाढी करत होता, तुम्ही त्याचा फोटो काढला. त्यानं साबण लावलेल्या तोंडानं तुम्हाला शिवी दिली. दुपारी तुम्ही त्याचा दुसरा फोटो काढला. डोळे उघडे होते आणि पापण्या गोठल्या होत्या. तुम्ही हातमोजा काढून तळहात त्याच्या डोळ्यांवर धरून बसलात, वितळतील म्हणून. मागून हुकूम आला, एकच काढ आणि पुढं चल. पापण्या मिटल्या नाहीत. पाटी धरायला कोणी मोकळं नव्हतं, ती तुम्ही त्याच्या खांद्याला टेकवून ठेवली. शेवटच्या ओळीत तुम्ही स्वतःचंच नाव लिहिलंत. ओळख पटवणारा दुसरा कोणी उरला नव्हता.

ते सगळे फोटो सरकारचे. निगेटिव्हसुद्धा जमा करायच्या. "एवढी वर्षं काम केलं, पोरी," तुम्ही म्हणालात, "आन् दाखवायला एक फोटो न्हाई. माझ्या हातचं जे हाय ते इथल्या भित्तींवर हाय. सगळं खोटं."

त्या वेळी मला ते नीट कळलं नाही.

बीएचा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन आले. तुम्ही दुकानाचं शटर अर्धं ओढलंत, मला बसवलंत आणि सांगितलंत. आण्णांचे डोळे तुम्ही आधी ब्रशनं काढले होते. ते बाहुलीसारखे दिसू लागले. मग चुलती म्हणाली की पोरगी हुबेहूब बापावर गेलीय. म्हणून तुम्ही येऊन माझा फोटो काढलात, तेवढ्याच अंतरावरून, चेहरा तेवढाच यावा म्हणून. ब्लेडनं पट्टी कापलीत आणि बसवलीत. कडा रंगवल्यात. त्या जोडकामाचा पुन्हा फोटो काढलात.

भिंतीवरून दहा वर्षं माझ्याकडे बघत होते ते माझेच डोळे होते. पाचवीतले. रडून झाल्यावरचे.

मी त्या डोळ्यांखाली अभ्यास केला होता. मी टाळाटाळ केली की आई म्हणायची, "आन्ना बघत्यात." ती रोज सकाळी पदरानं तो फोटो पुसायची आणि कधी मला जवळ ओढून म्हणायची, "तुजं डोळं त्यांच्यावानी हायेत. बाकी काय न्हाई आलं, तेवढं आलं."

तुम्ही एक पाकीट काढलंत. त्यात आण्णांचा खरा फोटो होता, मिटलेल्या डोळ्यांचा. म्हणालात, "हा वहिनीला द्यायचा हाय. तुला आधी विचारतो, कारन डोळं तुझं हायेत."

मी नाही म्हटलं. चिडूनच म्हटलं. तिच्याकडे तेवढंच आहे, काका, ते कशाला काढून घेता? तुम्हाला मन हलकं करायचं आहे म्हणून तिनं का ओझं घ्यायचं? पदवी हातात होती, मला वाटलं मला सगळं कळतं. तुम्ही म्हणालात, "काढून तर मी घेतलंय. ती रोज बघती, रोज थोडं जातंय." मला ते वाक्य फौजेतून आलेल्या माणसाचं विचित्र बोलणं वाटलं.

हे भांडण आपण अकरा वर्षं भांडलो. दर दिवाळीला मी यायचे, रूथकाकू करंज्या पुढे ठेवायची, तुम्ही पाकिटाचा विषय काढायचात. एकदा तुम्ही म्हणालात, "आमच्यात बघ, मयताच्या पेटीभोवती उभं राहून फोटो काढत्यात. लेकरंबाळं, समदे. डोळं मिटलेला मानूस बघून कोनी मरत न्हाई." मी म्हटलं, तुमच्यात चालतं, आमच्यात नाही. काकू तिथंच होती. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या वाक्याची माफी मी तुमच्याकडे कधी मागितली नाही. आता मागते.

तुम्हाला आईकडे थेट जाता आलं असतं. घर लांब नव्हतं. तुम्ही गेला नाहीत, कारण मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं.

गेल्या महिन्यात तुम्ही बोलावणं पाठवलंत. खाटेवर उशांना टेकून बसला होतात, श्वास वाजत होता. छाती त्या बर्फातच गेली होती, डॉक्टर ते आता कुठं सांगत होते. तुम्ही थांबत थांबत किसनची उरलेली गोष्ट सांगितलीत. रिटायर झाल्यावर तुम्ही अकोल्याला गेला होतात, एसटी आणि मग जीप करून, त्याच्या आईला भेटायला. ती भाताच्या खाचरात होती. चिखलानं भरलेले हात घेऊन ती बांधावर आली आणि तिनं एकच विचारलं: "डोळं मिटल्यालं हुतं का त्याचं?"

"मी व्हय म्हनलं," तुम्ही म्हणालात. "झोपल्यावानी हुता म्हनलं."

"बरं केलंत," मी म्हटलं.

"मला बी तसंच वाटलं. म्हनून इथं येऊन तेच करत बसलो. तिथं मिटंनात, इथं उघडत बसलो." बराच वेळ खोकलात. "नंतर वाटलं, जाऊन खरं सांगावं. जाऊ जाऊ म्हनता म्हातारी गेली. वैशाली, तुझी आई हाय अजून."

मी म्हटलं, बघू. सुट्टीत बघू.

खोटं वाटेल, पण मला खरंच सुट्टीत करायचं होतं. तुमचा चेहरा बघून मी मनातून हललेच होते. सुट्टीला अठरा दिवस होते. तुम्ही अकराव्या दिवशी गेलात.

दफनाच्या दिवशी पाळकांची प्रार्थना झाली, गीत झालं, आणि घरातली माणसं पेटीभोवती उभी राहिली. तुमचा मुलगा कोणाकडे तरी मोबाईल द्यायला लागला तेव्हा काकू म्हणाली, "तिच्याकडं दे. वैशाली काढंल." मी शाळेच्या स्नेहसंमेलनाशिवाय कुठं फोटो काढलेला नाही. पाय रोवून उभी राहा, श्वास सोड, मग दाब, असं तुम्ही सांगायचात. तुमचे डोळे मिटलेले होते. कोणी मिटले ते मी विचारलं नाही. आधी सगळ्यांचा काढला, मग माझ्या मोबाईलवर तुमचा एकट्याचा, सरळ, समोरून. तुमच्या पुतण्यानं तो मागितला. त्याच्या मोबाईलमध्ये काहीतरी आहे, त्यात घातला की मेलेला माणूस डोळे उघडून हसतो. मी दिला नाही. तो रागावला आहे, रागावू दे.

निघताना काकूनं पाकीट माझ्या हातात ठेवलं. वर तुमच्या अक्षरात 'वैशालीची आई' एवढंच. काकू म्हणाली, "त्यांनी शेवटच्या दिसात दोनदा इचारलं, नेलं का म्हनून. मी व्हय म्हनलं." मग डोळे पुसत म्हणाली, "मी बी खोटंच बोलले की गं."

त्या दिवशी दुपारी मी घरी गेले. आई ओसरीवर बाजरी पाखडत होती. मी समोर बसले आणि जसं तुम्ही लिहायला शिकवलंत तसं सांगितलं. कोण, कुठं, कधी, काय. फोटो मेल्यावर काढला होता. डोळे माझे आहेत. कार्डावरून मोठा केला हे चुलत्यांनी सांगितलेलं खरं नाही.

सूप थांबलं. आई उठली, आत गेली, भिंतीवरचा फोटो काढून आणला आणि मांडीवर ठेवून पदरानं पुसला. सवयीनं. मग बघत बसली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला बोलेल, किंवा मेलेल्या चुलत्यांना.

ती म्हणाली, "मग त्यांचं कसं हुतं गं?"

मला कळलं नाही.

"डोळं. त्यांचं डोळं कसं हुतं? घारं न्हवतं... बारीक हुतं का?" ती समोर बघत आठवत होती. "मला ह्येच दिसत्यात. मी कवाबी आठवलं तर ह्येच येत्यात पुढं. लई पुसलं मी ह्याला."

काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं होतं. रोज थोडं, एकवीस वर्षं. त्यातली पहिली दहा तुमच्या आणि चुलत्यांच्या नावावर आहेत. पुढची अकरा माझ्या.

माझा हात पाकिटावर होता आणि ते काढायचं धैर्य होत नव्हतं. आता हे दाखवून आणखी काय करणार, असं वाटत होतं. आईनंच विचारलं, "त्ये काय हाय?"

तिनं चष्मा मागितला. फोटो घेऊन दाराशी, उजेडात गेली. मी तुमच्यासारखी थांबले. तिनं एक बोट आण्णांच्या मिशीवरून, मग ओठांवरून फिरवलं. ओठ थोडे उघडे होते.

"असंच पडायचं," ती म्हणाली. "विहिरीवरनं आले की भाकरीची बी वाट न्हाई बघायचे. भिताडाला टेकले की झोप. तोंड असंच उघडं. मी चुलीपासनं बघायची, आन् मग हलवून उठवायची, उठा म्हनायची, जेवा." तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला. "ह्ये हायेत. त्ये भित्तीवरचं कुनीबी असंल. ह्ये त्येच हायेत."

आणि मग ती रडली, आण्णा गेले तेव्हा रडली नव्हती तशी. तेव्हा तिला रडायला शुद्धच नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "फौजीनं आधी का न्हाई दिला?"

"ते देत होते," मी म्हटलं. "मी देऊ दिला नाही."

अजूनही ती त्यावर काही बोललेली नाही. त्या दिवशी तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी घेतलं. मला यापेक्षा जास्त मागायचा हक्क नाही.

संध्याकाळी मी फोटो उलटा केला. मागे तुमची ओळ होती. आण्णांचं नाव, गाव, तारीख. 'विहिरीची दरड कोसळून मृत्यू. डोळे मिटलेले.' कुठं दुर्दैवी नाही, कुठं दुःखद नाही. आणि शेवटी, 'ओळख पटवली', आणि त्यापुढे कोरी जागा. एकवीस वर्षं तुम्ही ती कोरी ठेवली होती. चुलत्यांचं नाव टाकता आलं असतं, माझं टाकता आलं असतं. तुम्ही टाकलं नाही, आणि म्हणून तुमच्या हिशोबानं तो फोटो अजून पुढे गेलेला नव्हता.

आईला फक्त सही येते, बचत गटात शिकली आहे. मी तिला पेन दिलं आणि जागा दाखवली. तिनं विचारलं, हितं काय लिव्हलंय? मी वाचून दाखवलं. तिनं फोटो पाटावर ठेवला, हात पुसला आणि एकेक अक्षर काढत तुमच्या ओळीपुढे आपलं नाव लिहिलं.